मऊ जेवण, किडलेली दाढ आणि दवाखान्याची धास्ती

प्रश्न थोडक्यात असा: हर्णैजवळच्या गावात राहणाऱ्या ५८ वर्षांच्या सासूबाई. वीसेक वर्षांपूर्वी नीट सुन्न न होताच एक दाढ काढली गेली. तेव्हापासून दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं तरी हातपाय गार पडतात. खालच्या उजव्या दाढेला भोक पडलंय, दीड वर्ष त्या फक्त डाव्या बाजूने खातात. भाकरी सुटली, काकडी-गाजर सुटलं, मासेही नकोत. उरलं काय? पेज, मऊभात, केळं आणि दिवसभर चहात बुडवलेले टोस्ट. मधुमेह आधीपासून आहे, आता साखर वाढलीय. सूनबाई विचारतात, ‘त्यांना असं काय खायला देऊ म्हणजे दवाखान्यात न जाता भागेल?’

प्रश्नामागची माया कळते, पण तो थोडा फिरवून बघायला हवा. सासूबाईंचं आजचं ताट दातांनी ठरवलेलं नाही, भीतीने ठरवलंय. दुखेल म्हणून चावायचं नाही, म्हणून मऊ, पिठूळ आणि गोड तेवढंच खायचं. तेच दाताला चिकटून राहतं आणि कीड वाढवतं. दुखणं वाढलं की ताटातला आणखी एक पदार्थ जातो, आणि शेवटी दवाखान्यात जावंच लागतं ते इतक्या उशिरा, की उपचार खरोखरच अवघड होतो. मग भीती खरी ठरते. म्हणून घाबरलेल्या माणसाला मी दाताआधी जेवणाचं विचारते. कोणते पदार्थ कधी सुटले हे ऐकलं की दुखणं किती जुनं आहे आणि धास्ती किती खोल आहे, दोन्हींचा अंदाज येतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. दाताला पडलेलं भोक कोणत्याही आहाराने बुजत नाही. पृष्ठभागावरचा पांढरट डाग, म्हणजे कीड नुकती सुरू होते ती अवस्था, फ्लोराइडने आणि खाणं सुधारून माघारी फिरू शकते. भोक पडल्यावर ते होत नाही. पण आहाराने कीड पुढे जाण्याचा वेग बराच कमी होतो, त्यामुळे मनाची तयारी करायला काही आठवडे मिळू शकतात आणि प्रत्यक्ष उपचाराचा दिवसही सोपा जातो. ही काही कमी मदत नाही.

हे आठवडे मिळतील की नाही, ते मात्र दाढेच्या स्थितीवर आहे. थंड किंवा गोड लागल्यावर क्षणभर ठणका येऊन थांबत असेल तर बहुधा वेळ आहे. गरम-थंडाची कळ काही मिनिटं रेंगाळत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर नसेपर्यंत त्रास पोचलाय. तारीख या आठवड्यातलीच घ्या. गालाला सूज, ताप किंवा पू असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, जिभेखाली किंवा गळ्याकडे सूज उतरतेय, श्वासाला त्रास होतोय असं काही दिसलं तर दंतचिकित्सकाची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात न्या. मधुमेह असताना असा संसर्ग फार झपाट्याने पसरतो.

आता ताटाकडे येऊ. काही गोड किंवा पिठूळ खाल्लं की दातांवरच्या थरातले जंतू त्यातून आम्ल तयार करतात. काही मिनिटांत तिथला सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप: आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली जातो आणि दाताचं कवच विरघळू लागतं. लाळ ते आम्ल हळूहळू पुसते, पण त्याला २० ते ४० मिनिटं लागतात. या वयात बऱ्याचदा हिरड्या खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलेलं असतं, आणि ते कवचापेक्षा मऊ असल्याने सामू सहाच्या वर असतानाच विरघळू लागतं. म्हणून दिवसभरात साखर किती खाल्ली याच्या जोडीला ती किती वेळा तोंडात गेली हे बघावं लागतं. दिवसाला सहा कप चहा धरला आणि प्रत्येक वेळी अर्धा तास, तर तीन तास झाले. त्यात एकेक कप पाऊण तास घोटघोट पिण्याची सवय असेल तर हिशोब दुपटीच्याही वर जातो.

साखरेचंही बघा. सपाट चमचा म्हणजे सुमारे ४ ग्रॅम. कपात दोन चमचे, असे सहा कप, म्हणजे ४८ ग्रॅम नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत असावी. २,००० कॅलरीच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. साखरेऐवजी गूळ किंवा काकवी घातली म्हणून दात वाचत नाहीत, जंतूंना दोन्ही सारखेच. मधाचंही तेच.

टोस्टबद्दल वेगळं लिहिते, कारण त्यावर कोणी संशय घेत नाही. चहात बुडवलेला टोस्ट, खारी, ग्लुकोज बिस्कीट यांचा लगदा दाढांच्या खाचांत आणि त्या भोकात गच्च बसतो. त्यातला स्टार्च भाजून-शिजून आलेला असल्याने लाळ त्याची तिथल्या तिथे साखर करते. चॉकलेट तोंडातून त्यामानाने लवकर निघून जातं, हा लगदा बराच वेळ राहतो. त्यात मऊ खाण्याने चावणं होत नाही, चावणं नाही म्हणून लाळ कमी सुटते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. ज्या बाजूने त्या चावतच नाहीत तिथे थर आणि किटण जास्त साठतं. म्हणजे जपलेली उजवी बाजूच जास्त खराब होत असते.

सुरुवात चार दिवसांच्या टिपणाने करा, त्यात एक सुट्टीचा किंवा सणाचा दिवस येऊ द्या. वहीत चार रकाने: वेळ, काय खाल्लं किंवा प्यायलं, कोणत्या बाजूने, आणि दुखलं का. मध्येच तोंडात टाकलेला साखरफुटाणाही लिहायचा. उपदेश काहीच करू नका, फक्त टिपा. चौथ्या दिवशी गोड-पिठूळाच्या नोंदींना लाल गोल करून त्यांनाच मोजायला द्या. स्वतः मोजलेला आकडा माणूस मान्य करतो.

मग बदल करायचा तो मऊपणा कायम ठेवून. त्यांची मऊ खाण्याची गरज आज खरी आहे, ती नाकारली तर त्या तुमचं काहीच ऐकणार नाहीत. उकड्या तांदळाची पेज चालेल, पण जेवणाच्या वेळेला, गुळाशिवाय, मीठ घालून. नाचणीची पेज किंवा आंबील त्याहून बरी, शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण मधुमेहात नुसत्या पेजेवर राहू नये, प्रत्येक वेळी सोबत प्रथिनं हवीत. कुळथाचं पिठलं हा तर आपल्याकडचा तयार उपाय: चावावं लागत नाही, चिकटत नाही, आणि कुळथात शंभर ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रथिनं. मासे सोडायचं कारण काटे आणि तिखट असणार. ओला बोंबील किंवा मुडदुशी, तिखट कमी घालून, काटा काढून मऊभातात कालवून द्या. त्यात चावण्यासारखं काही उरत नाही. शिवाय अंड्याची भुर्जी, मूगडाळीची खिचडी, वालाचं बिरडं बोटाने चेपेल इतकं शिजवून, दही, लाल माठाची मऊ भाजी, दुधी, पडवळ. न्याहारीला टोस्टच्या जागी घावन किंवा आंबोळी. पीठ त्यातही आहे, पण तो एका बैठकीत संपणारा पदार्थ आहे, दिवसभर चघळला जात नाही.

चहा बंद करायला सांगू नका, कोणी ऐकत नाही. दोन कप ठरवा, सकाळच्या न्याहारीबरोबर आणि दुपारी. दहा मिनिटांत संपवायचे, वर साध्या पाण्याने चूळ. बाकीचे कप बिनसाखरेचे. साखर एकदम बंद न करता चार-पाच दिवसांनी पाव चमचा कमी करत गेलं की जीभ जुळवून घेते. केळं जेवणानंतर लगेच, मधल्या वेळी नको. आंबापोळी, फणसपोळी, चिक्की आणि जत्रेतला खाजा मात्र भोक भरून होईपर्यंत पूर्ण बंद: चिकट आणि कडक दोन्ही असतात, कमकुवत झालेल्या दाढेचा कपचा उडतो तो नेमका यांच्यावर.

आंबटाचा त्रास वेगळा असतो. आमसूल, कैरी, चिंच, करवंद यांत आम्ल आयतंच असतं, जंतूंची गरजच नाही. जेवणात सोलकढी घ्या, खुशाल घ्या. आमसूल तोंडात धरून ठेवायचं किंवा कोकम सरबत तासभर घोटघोट प्यायचं, हे टाळा. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका. कवच तेव्हा मऊ झालेलं असतं, ब्रशने झिजतं. आधी चूळ, मग निदान अर्ध्या तासाने ब्रश. रात्री झोपताना १,००० पीपीएम किंवा त्याहून जास्त फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, दोन मिनिटं, आणि शेवटी फक्त थुंकायचं, पाण्याने खळखळून धुवायचं नाही. थोडं फ्लोराइड रात्रभर दातांवर राहू द्यायचं आहे. पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो वाचून घ्या.

तुम्ही लिहिलं नाहीत, तरी विचारून बघा: मशेरी लावतात का? दुखणाऱ्या दाढेवर मशेरी दाबून ठेवण्याची सवय आपल्याकडच्या कित्येक बायकांना असते, आणि सुनेसमोर ते कबूल केलं जात नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. निकोटीनने ठणका तात्पुरता बोथट होतो, पण हिरडी उतरते, मुळं झिजतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतो. सुपारी सतत चघळण्यानेही तोंड हळूहळू कमी उघडू लागतं. तीन बोटं उभी तोंडात मावत नसतील तर डॉक्टरला मुद्दाम सांगा. लवंगेचं तेलही बाटलीतून थेट ओतू नका, हिरडी भाजते. आणि वेदनाशामक गोळी गालात धरून ठेवली तर तिथे जखम होते. ती गोळी गिळण्यासाठी असते, तीही मधुमेह-रक्तदाब असताना विचारूनच.

आता भीतीकडे. ‘घाबरू नका’ म्हणून काही होत नाही, नेमकं कशाला घाबरतात ते शोधावं लागतं. आम्ही पाच प्रश्नांची एक पट्टी वापरतो, मॉडिफाइड डेंटल अँग्झायटी स्केल. उद्या दवाखान्यात जायचंय, बाहेर बसून वाट बघताय, दात कोरणार आहेत, दात साफ करणार आहेत, हिरडीत इंजेक्शन देणार आहेत: या प्रत्येकाला ‘अजिबात भीती नाही’ म्हणजे १ ते ‘प्रचंड भीती’ म्हणजे ५ असे गुण. बेरीज १९ किंवा जास्त आली तर ती तीव्र धास्ती. माझ्या दृष्टीने बेरजेपेक्षा कुठल्या प्रश्नाला ५ मिळाले ते महत्त्वाचं. इंजेक्शनला ५ असतील तर त्याचा उपाय वेगळा, बाहेर वाट बघण्याला ५ असतील तर सकाळची पहिलीच वेळ घ्यायची.

त्या वेळी सुन्न का झालं नाही, हे त्यांना समजावून सांगा. त्यांचा अनुभव खोटा नव्हता. दाढेच्या मुळाशी तीव्र दाह असतो तेव्हा तिथला भाग आम्लधर्मी होतो आणि भुलेचं औषध नसेत कमी शिरतं. त्यातून खालच्या दाढांचं इंजेक्शन पूर्ण लागायला पाच-दहा मिनिटं लागतात, घाईत तेवढं थांबलं जात नाही. म्हणजे ठणका असह्य झाल्यावर जाणारा माणूस नेमका तेव्हा जातो जेव्हा भूल सर्वांत कमी चालते. दाढ शांत असताना गेलं तर तेच औषध नीट काम करतं. ‘दुखत नाहीये ना, मग कशाला जायचं’ या वाक्याला हे उत्तर आहे. भुलेने दुखणं जातं, दाब जात नाही, हेही आधीच सांगा. नाहीतर दाब जाणवला की ‘सुन्न झालं नाही’ असं वाटून जुनी आठवण उफाळून येते.

तारीख घेताना फोनवरच चार गोष्टी बोला: पूर्वीचा अनुभव काय होता, पहिल्या भेटीत फक्त आरसा आणि एक्स-रे, डावा हात वर केला की काम लगेच थांबवायचं, आणि इंजेक्शनच्या आधी हिरडी पुसून कोरडी करून सुन्न करणारी जेल एक-दोन मिनिटं लावायची. औषध सावकाश सोडलं तर इंजेक्शन फारसं कळतही नाही, मिनिटाला एक मिली हा चांगला वेग. खालचा ओठ अर्धा जड झालाय का, हे विचारल्याशिवाय सुरुवात करायची नाही. हे मागायला संकोच नको. जिथे याला हसतील तिथे जाऊ नका.

त्या दिवशीचं खाणं ही तर सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. भीतीने भूक मरते, वाडीवरून पहिली एसटी धरायची असते, म्हणून माणूस नुसत्या कडक चहावर निघतो. दवाखान्यात पोचेपर्यंत पोट रिकामं, रक्तातली साखर खाली, चहाने छाती धडधडतेय. इंजेक्शनमधल्या अॅड्रेनॅलिनने एखाद-दोन मिनिटं धडधड वाढते, एरवी ती लक्षातही येत नाही, पण अशा वेळी घाम येऊन चक्कर येते. घरी आल्यावर नाव इंजेक्शनचं होतं.

म्हणून वेळेच्या दीड-दोन तास आधी व्यवस्थित न्याहारी: दोन घावन आणि अंडं, किंवा वाटीभर मऊभात, वरण आणि दही. पोट टम्म भरेल इतकं नको, उमासे येतात. चहा अर्धा कप. लांबून यायचं असेल तर डबा सोबत ठेवा आणि डब्याची वेळ ठरवून खा. मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं नेहमीप्रमाणे. इन्सुलिन असेल तर मात्रा त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, फक्त सांगा. पिशवीत तीन चमचे ग्लुकोज पावडर, घाम-थरथर वाटली तर पाण्यातून द्यायला. एकादशी, संकष्टी किंवा श्रावणी सोमवारची तारीख घेऊच नका. उपाशी पोट किंवा साबुदाण्याची खिचडी, दोन्ही त्या दिवशी सोयीचे नाहीत. अपवाद एकच: झोपेचं किंवा गुंगीचं औषध देऊन काम करायचं ठरलं तर उपाशी राहण्याच्या सूचना वेगळ्या असतात, त्या डॉक्टरांच्याच पाळायच्या.

दाढेचं नक्की काय करावं लागेल ते एक्स-रे बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. पण कीड नसेपर्यंत पोचली नसेल तर मशीन न लावता करता येण्यासारखे दोन उपाय आहेत, ते विचारा. एक म्हणजे हाताच्या अवजाराने मऊ कीड काढून ग्लास आयोनोमर सिमेंट भरणं. दुसरा, चांदी आणि फ्लोराइडचं ३८ टक्के द्रावण किडीवर लावणं. मिनिटभराचं काम, इंजेक्शन नाही, बहुतेक वेळा कीड जागीच थांबते. तो भाग कायमचा काळा पडतो, पण मागच्या दाढेला त्याने फरक पडत नाही. दर सहा महिन्यांनी पुन्हा बघावं लागतं. नस गेली असेल तर रूट कॅनल किंवा दाढ काढणं, मधला मार्ग नाही.

काढावीच लागली तर बोळा ३० ते ४५ मिनिटं दाबून धरायचा आणि २४ तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. खाणं गार आणि मऊ: दहीभात, निवलेली पेज, ताक, तिखट-आंबटाशिवाय. शहाळं चांगलं, पण ते पेल्यात ओतून प्यायचं, स्ट्रॉने ओढलं तर जखमेवरची रक्ताची गुठळी सुटते. गुठळी सुटली की दाढ काढल्यापासून दोन ते चार दिवसांत कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते, आणि मशेरी-तंबाखूने तो धोका वाढतो. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, विशेषतः जेवल्यावर, हलकेच चूळ.

उपचार झाल्यावरही त्या लगेच उजव्या बाजूने खाणार नाहीत. दवाखान्याची भीती जाते, चावण्याची राहते, आणि घरचे वैतागून म्हणतात, ‘आता कशाला पेज?’ तेव्हा घाई करू नका. भरलेलं सिमेंट पक्कं झालंय आणि दाढ दुखत नाहीये असं डॉक्टरांनी बघून सांगितलं की पहिल्या आठवड्यात उजवीकडून फक्त मऊभात आणि अंडं. दुसऱ्या आठवड्यात कालवणात भिजवलेली तांदळाची भाकरी, लहान घास. मग काकडीची पातळ चकती, गाजराचा कीस, शेवटी अख्खी फोड. रोज एकाच जेवणात, पहिले पाच घास उजवीकडून, बाकीचे जसे जमतील तसे. टिपणाची तीच वही पुढे चालू ठेवा. एखाद्या दिवशी ‘भाकरी, उजवीकडून, दुखलं नाही’ अशी नोंद त्यांच्याच हाताने होऊ द्या.

आणि नातवंडं घरात असतील तर त्यांना ‘मस्ती केलीस तर दातवाल्या डॉक्टरकडे नेईन’ असं आजपासून कोणी म्हणायचं नाही.